वटवाघळांचे कैवारी
ऑस्ट्रेलियातील एका सेवाकार्याचा इतिहास

मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात निरनिराळ्या चोऱ्यांची फळे सांगितली आहेत. त्यांत गूळ चोरणारा पुढील जन्मी ‘वाग्गुद’ होतो असे म्हटले असून भाषांतरकार या शब्दाचा अर्थ मोठे वटवाघूळ असा करतात. अमरकोशकारांनी मात्र या प्राण्याविषयी निंदेचा शब्द न काढता ‘जतुका’ आणि ‘अजिनपत्रा’ अशी दोन नावे तेवढी नोंदवली आहेत. अजिनपत्रा म्हणजे जिचे पंख कातड्याचे आहेत ती. कोशकारांची ही समदृष्टी लोकव्यवहारात फारशी उतरली नाही. देवळाच्या सभामंडपात पाकोळी शिरली की आपण केरसुणी शोधतो आणि वडावर लटकलेल्या वाघळांकडे पाहून मुलांना भुताच्या गोष्टी सांगतो. अशा या अप्रिय प्राण्यासाठी दूर देशी काही माणसांनी आपली घरे रुग्णालये केली. त्यांच्या कार्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

ऑस्ट्रेलियात या प्राण्याची युरोपीय माणसाशी पहिली भेट झाली तीही भीतीच्या पोटीच. १७७० साली कॅप्टन कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज दुरुस्तीसाठी उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर अडकून पडले होते. तेव्हा रानात गेलेला एक खलाशी धावत परत आला आणि आपण सैतान पाहिला असे सांगू लागला. त्याच्या वर्णनावरून ते फळे खाणारे मोठे वटवाघूळ असावे, असा पुढील अभ्यासकांचा तर्क आहे. वसाहती वाढल्या, जंगले तुटली, त्या जागी फळबागा आल्या. मग सैतानाचा चोर झाला. बागाईतदारांनी बंदुका उचलल्या आणि वटवाघळे मारणाऱ्यास बक्षिसे देण्यात येऊ लागली.

या चोराची रीतसर चौकशी करण्यासाठी १९२९ साली फ्रान्सिस रॅटक्लिफ या इंग्रज जीवशास्त्रज्ञास बोलावण्यात आले. नाश कसा करावा, एवढेच त्याने सांगावे अशी अपेक्षा होती. त्याने पूर्व किनाऱ्यावरील वसाहती हिंडून पाहिल्या आणि १९३१ साली अहवाल दिला. या प्राण्यांचे मुख्य अन्न म्हणजे निलगिरीच्या जातीच्या रानवृक्षांचा मोहोर. बागांचे नुकसान समजले जाते तेवढे मोठे नाही. आणि सरसकट संहाराचा खटाटोप व्यवहार्यही नाही, असा त्याचा एकंदर निष्कर्ष होता. अहवाल मान्य झाला, पण बंदुका पुढेही अनेक वर्षे चालूच राहिल्या. रानातील मोहोर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, कित्येक कोसांच्या अंतरावर, पराग नेणारा हा जीव मेला तर रानाचे काय होईल, हा प्रश्न लोकांच्या मनात रुजण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

तो रुजला सिडनी शहराच्या गॉर्डन या उपनगरात. तेथील एका दरीत करड्या डोक्याच्या वटवाघळांची जुनी वस्ती होती. शेजाऱ्यांना वास व कलकलाट नको होता. शिवाय परक्या वेलींनी दरीतील झाडे गुदमरत चालली होती. १९८५ साली काही नागरिकांनी या वस्तीच्या रक्षणासाठी समिती स्थापन केली. त्यांनी दोन कामे एकदम हाती घेतली. सुट्टीच्या दिवशी दरीत उतरून तण उपटावे व देशी झाडे लावावीत, हे एक. आणि जखमी व पोरकी पिल्ले घरी आणून वाढवावीत, हे दुसरे. पुढल्याच वर्षी, १९८६ साली, न्यू साउथ वेल्स राज्यात या प्राण्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. २००१ साली केंद्र सरकारने करड्या डोक्याच्या जातीची गणना संकटात सापडलेल्या प्राण्यांत केली.

पिल्लू वाढविणे हे सोपे काम नव्हे. मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होते आणि पहिले काही आठवडे ते आईच्या उराशी बिलगून तिच्याबरोबर रात्रभर उडत असते. आई विजेच्या तारेला लागून मेली की बऱ्याचदा पिल्लू तिच्या अंगावर जिवंत सापडते. स्वयंसेवक त्याला फडक्यात गुंडाळतात, तोंडात चोखणी देतात, ठरलेल्या वेळी बाटलीने दूध पाजतात. पुढे फळांची सवय लावून मोठ्या पिंजऱ्यात त्याच्या वयाच्या इतर पिल्लांत सोडतात, कारण वटवाघळाला माणसाचा नव्हे, स्वजातीचा लळा लागला पाहिजे. शेवटी वस्तीजवळच्या पिंजऱ्याचे दार उघडतात आणि रानातले अन्न शोधता येईपर्यंत बाहेर फळे ठेवीत राहतात. काटेरी तारेत अडकलेले वटवाघूळ ओढून काढायचे नसते. तार कापून तिच्या तुकड्यासह त्यास आणावे लागते. पंखाचे पातळ कातडे भरून येण्याची शक्ती मात्र विलक्षण असते.

क्वीन्सलंडच्या ॲथर्टन पठारावरील टोल्गा येथे या सेवेला वेगळेच वळण लागले. तेथे डोळ्यांभोवती पिवळसर वर्तुळे असलेली ‘चष्मेवाली’ वटवाघळे राहतात. १९९० च्या सुमारास ती लुळी होऊन झाडांखाली पडलेली आढळू लागली. पक्षाघात आणणाऱ्या एका गोचिडीचे ते विष होते. झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या प्राण्यास जमिनीलगतची गोचीड चिकटावी कशी? दक्षिण अमेरिकेतून आलेले रानतंबाखूचे बुटके झुडूप तेथे माजले आणि त्याची फळे खाण्यास वटवाघळे खाली उतरू लागली, असे त्याचे कारण सांगतात. दर वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, नेमक्या पिल्लांच्या दिवसांत, टोल्ग्याच्या वटवाघूळ रुग्णालयाचे स्वयंसेवक झाडाखालची जमीन धुंडाळतात. आईस प्रतिविष देतात. ती न वाचल्यास पिल्लू सांभाळतात.

या सेवेत जिवाची जोखीमही आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील वटवाघळांत पिसाळरोगाच्या कुळातील एक विषाणू सापडला. त्याने २०२५ पर्यंत चार माणसांचा बळी घेतला. तेव्हापासून लस टोचून घेतल्यावाचून कोणीही वटवाघळास हात लावावयाचा नाही, असा दंडक झाला. विशेष हे की, या दंडकाने काम थांबले नाही.

त्याहून मोठी परीक्षा उष्णतेने घेतली. २०१४ च्या जानेवारीत आग्नेय क्वीन्सलंडमध्ये एका उष्ण लाटेत किमान ४५,५०० वटवाघळे मेली. २०१८ च्या नोव्हेंबरात केर्न्स परिसरात पारा ४२ अंशांवर चढला आणि सुमारे २३,००० चष्मेवाली वटवाघळे, म्हणजे त्या देशातील या जातीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, अवघ्या दोन दिवसांत नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी शेकडो पिल्ले उचलली. पण हजारोंच्या मृत्यूपुढे शेकडोंचा हिशेब काय, असा प्रश्न कोणीही विचारील. रान तुटत राहिले तर बाटलीने जात वाचणार नाही, हे या सेवकांनाही ठाऊक आहे. आमच्या मते त्यांच्या श्रमाचे फळ दुसरीकडे पाहावे. ज्याला लोक सैतान व चोर म्हणत, त्याची दया करणारी माणसे त्याच लोकांतून निघाली, आणि त्यांच्या आग्रहामुळे रान राखण्याचा विषय घरोघर गेला.

आपल्या परंपरेस हा विचार परका नाही. तमिळनाडूत मदुरेजवळ पुलियांगुळम येथील वडावर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. मुनिदेवतेचा कोप होईल या श्रद्धेने तिला गावकरी धक्का लावीत नाहीत. आमच्या बेळगावकर वाचकांस तर आणखी जवळची गोष्ट सांगता येईल. खानापूर तालुक्यातील तळेवाडीनजीक बारापेडे गुहेतील एका वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले. रॉटन यांचे नाव दिलेली ही जात कित्येक दशके जगात त्या एकाच गुहेत ज्ञात होती. पुढे मेघालयात व कंबोडियात तिचा पत्ता लागला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या जातीस पहिल्या परिशिष्टात मानाचे स्थान दिले, आणि त्याच कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवली! २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्ट वगळले गेले, हे योग्यच झाले.

देवस्थानांच्या व्यवस्थापकांस यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शिखराचा किंवा सभामंडपाचा जीर्णोद्धार करताना आत पाकोळ्यांची पिल्ले असतील तर फटी बुजविण्याचे काम ती उडून जाईतोवर थांबवावे. वाघळांची वस्ती असलेला जुना वड केवळ विष्ठेच्या त्रासाने तोडू नये. खाली पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, वनखात्यास कळवावे; आणि २०१८ साली केरळात निपाह रोगाने जे शिकविले ते ध्यानात ठेवून वाघळाने चावलेले फळ खाऊ नये, नैवेद्यासही घेऊ नये. सावध राहूनही दया करता येते, हे त्या लस टोचून घेतलेल्या स्वयंसेवकांनी दाखविले आहे. उंबर, जांभूळ आणि वड यांचे बी रात्री रानोमाळ पेरणारा हा जीव आपल्या देवरायांचा जुना सेवेकरी आहे. त्याला देवाच्या आवारात थोडी जागा द्यावी, एवढीच आमची विनंती.