बोलक्या बिल्ल्याची कुळकथा

रेल्वे स्थानकावरील हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. त्यावरील आकडा वाचावयाचा तर हमाल समोर हवा, उजेड हवा आणि वाचणाऱ्यास अक्षरओळख हवी. ह्यांपैकी कशाचीही गरज नसलेला, आपली ओळख आपणच सांगणारा बिल्ला आज कापडाच्या दुकानात, ग्रंथालयात आणि मोटारीच्या काचेवर येऊन बसला आहे. आर. एफ. आय. डी. अशा रूक्ष आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. तो बाजारपेठेत जन्मला अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्याचे कूळ मात्र रणांगणावरचे आहे.

६ सप्टेंबर १९३९ चा दिवस. ब्रिटनने युद्ध पुकारून अवघे तीन दिवस झाले होते. शत्रू येत असल्याच्या चुकीच्या वर्दीवरून एसेक्सच्या आकाशात इंग्रजांचीच विमाने चढली, आणि त्यांतील ‘स्पिटफायर’ विमानांनी आपलीच दोन ‘हरिकेन’ विमाने पाडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात प्राणास मुकला. त्या युद्धात कामी आलेला ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचा हा पहिला वैमानिक, आणि तो स्वकीयांच्या हातून गेला.

आकाशात काहीतरी आहे एवढे रडारला दिसत असे. ते कोणाचे, हे दिसत नसे. ह्या उणिवेवर इंग्रज शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा असा, की आपल्या प्रत्येक विमानात एक लहानसे यंत्र ठेवावयाचे. रडारची लहर त्यावर आदळली की ते तीच लहर बळकट करून परत धाडी आणि पडद्यावरची खूण विशेष ठळक होई. मित्र कोण व शत्रू कोण, हे असे उमगू लागले.

परंतु उत्तर देणाऱ्या यंत्राला प्रश्न कोणी विचारला हे कोठे कळते? जर्मनीवर बाँबफेक करावयास जाणाऱ्या इंग्रज वैमानिकांत एक विलक्षण भ्रम पसरला होता: हे यंत्र चालू ठेवले म्हणजे शत्रूचे शोधदीप गोंधळतात! आर. व्ही. जोन्स ह्या शास्त्रज्ञाने परोपरीने सांगूनही पुष्कळांनी ते चालूच ठेवले. जर्मनांनी त्याच यंत्रास साद घालून विमानांचा ठावठिकाणा काढला. पुढे इंग्रजांनीही ‘परफेक्टोस’ नावाच्या उपकरणाने जर्मन विमानांतील तशाच यंत्राला बोलते केले आणि हिशेब चुकता केला. ताईत म्हणून बाळगलेली वस्तूच वैरी व्हावी, असा हा प्रकार होता.

ह्याहून चमत्कारिक हकीकत मॉस्कोतील आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत बालवीरांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन ह्यांस अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर ती सुमारे सात वर्षे टांगलेली होती. १९५२ साली तिच्या पोटात एक धातूची पोकळ डबी सापडली. तीत ना घटमाला होती, ना तारा. होता एक पातळ पडदा आणि एक दांडी. बाहेरून रेडिओलहर सोडली म्हणजे खोलीतील बोलण्याने थरथरणारा तो पडदा परावर्तित लहरीवर आपला ठसा उमटवी. हिचा कर्ता लेव्ह तेरेमिन. हातही न लावता वाजणारे वाद्य निर्माण करून जगभर गाजलेला हा कलावंत-शास्त्रज्ञ त्या काळी सोव्हिएत बंदिवासातील प्रयोगशाळेत राबत होता. स्वतः कैदी असलेल्या माणसाने दुसऱ्यांचे शब्द पकडण्याचा सापळा रचावा, ह्यातील दैवगती इतिहासकाराने नोंदवावी इतकीच.

आजचा स्वस्त बिल्ला ह्याच डबीचा वंशज म्हणावयास हरकत नाही. त्याच्याजवळ स्वतःची शिदोरी नसते. वाचकयंत्राने धाडलेल्या लहरीतूनच तो चार कण उचलतो, त्या माधुकरीवर जागा होतो, आणि तीच लहर कमीअधिक परतवून आपला क्रमांक सांगतो. परावर्तित शक्तीने संदेशवहन करता येईल हा विचार हॅरी स्टॉकमन ह्यांनी १९४८ मध्ये प्रबंधरूपाने मांडला होता. त्यास योग्य असे सूक्ष्म विद्युत्‌मंडल निर्माण होईपर्यंत पाव शतक गेले. दरम्यान अमेरिकन रेल्वेने १९६७ साली डब्यांवर रंगीत पट्टे लावून ते प्रकाशाने वाचण्याचा घाट घातला. धूळ आणि काजळी ह्यांनी तो १९७७ पर्यंत बुडविला. रेडिओलहरीला काजळीचे भय नव्हते. १९७५ मध्ये लॉस अलामॉस येथील संशोधकांनी तिचा उपयोग गाईगुरे ओळखण्याकडे केला.

माधुकरीवर जगणाऱ्याची झेप मात्र थोडी. हा बिल्ला काही मीटरांपलीकडे ऐकू येत नाही. मोठ्या कोठारात जागोजागी आकाशक टांगावे, तर तांब्याच्या तारेतून उच्च कंपनाची लहर वाटेतच क्षीण होते. येथे प्रकाशतंतू साहाय्यास आला. देहरादूनला वाढलेल्या नरिंदरसिंग कपानी ह्यांनी हॉपकिन्स ह्यांच्यासमवेत लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेले, तो निबंध १९५४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. पण त्या काळच्या काचेतून वीसेक मीटरांतच प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरे. चार्ल्स काव ह्यांनी १९६६ साली प्रतिपादिले, की दोष काचेचा नव्हे, तिच्यातील अशुद्धीचा आहे. किलोमीटरअखेर शतांश प्रकाश उरला तरी दूरसंदेश शक्य होईल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या तिघा संशोधकांनी तशी काच ओढून दाखविली. आज उत्तम तंतूतून किलोमीटरअखेर शेकडा ९५ प्रकाश शाबूत राहतो. काव ह्यांस २००९ साली नोबेल मिळाले. कपानींस ते मिळाले नाही, आणि हे आम्हांस अद्याप खटकते.

२०१० च्या सुमारास केंब्रिजच्या अभियंत्यांनी ह्या दोन्ही धाग्यांची गाठ मारली. रेडिओलहर प्रकाशावर आरूढ करून तंतूतून दूरदूरच्या आकाशकांपर्यंत न्यावयाची. भिंतींवरून परतलेल्या लहरी परस्परांस मारून काही जागा बहिऱ्या करतात. निरनिराळ्या आकाशकांवरील लहरींची कला व कंपनसंख्या बदलीत गेले की त्या बहिऱ्या जागा सरकतात आणि मुका बिल्ला बोलू लागतो.

आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद मार्गावर २०१४ साली ह्या बिल्ल्याने पथकर गोळा करण्याचा आरंभ झाला, आणि फेब्रुवारी १९५० च्या नव्हे, २०२१ च्या फेब्रुवारीत तो सर्व राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर सक्तीचा झाला. नाक्यावरील खोळंबा त्याने कमी केला हे खरे. मात्र गाडी कोणत्या नाक्यावरून केव्हा गेली ह्याची नोंदही त्याच क्षणी होते. २००३ साली इटलीतील एका प्रसिद्ध वस्त्रव्यावसायिकाने कपड्यांत असे बिल्ले शिवण्याचा बेत जाहीर करताच ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली आणि तो बेत मागे पडला. पुढील वर्षी ठरलेल्या प्रमाणसंहितेत म्हणूनच एक आज्ञा घातलेली आहे: योग्य सांकेतिक अंक सांगितला असता बिल्ला कायमचा मुका होतो. ती आज्ञा देण्याचा अधिकार मात्र तो अंक ज्याच्यापाशी आहे त्याचा. वस्तू ज्याने विकत घेतली त्याचा असेलच असे नाही.