तारेतला खंड

इगतपुरीच्या फलाटावर एके काळी गाडीचे विजेचे इंजिन सोडवून दुसरे जोडले जात असताना होणारा खोळंबा ज्यांनी सोसला आहे, त्यांना अमेरिकेतील मिलवॉकी रोड या लोहमार्ग कंपनीची कथा परकी वाटू नये. कारण पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या आपल्या मार्गावर तिने हा खोळंबा एकाहून अधिक ठिकाणी पत्करला होता. मोंटानातील हार्लोटनपासून आयडाहोतील एव्हरीपर्यंतचे सुमारे ४४० मैल १९१७ पर्यंत ३००० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालू लागले, पुढे १९२० पर्यंत ओथेलो ते टॅकोमा हा कॅस्केड पर्वतातील टप्पाही सिद्ध झाला, आणि मधले दोनशेहून अधिक मैल मात्र तारेवाचून राहिले.

ज्या थंडीत बाष्पयंत्रांचा दम उखडे, त्या थंडीत ही विद्युत्-इंजिने निर्वेधपणे चालत. शिवाय घाट उतरणाऱ्या मालगाडीचे इंजिन आपल्या मोटारींनाच जनित्र बनवून वीज तारेत परत घाली, आणि ती घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. इतका उघड लाभ दिसत असता मधला खंड का सांधला गेला नाही? एक तर तिथे पर्वतराजीइतकी निकड नव्हती. दुसरे असे की, पनामा कालव्याने मालवाहतूक ओढून घेतली, खर्च फुगला आणि १९२५ साली कंपनीचे दिवाळे वाजले. सावकारांच्या तगाद्यात सापडलेल्या दरबारी नव्या खांबांची तजवीज कोण मंजूर करणार?

१९५० मध्ये कंपनीने १२ विद्युत्-इंजिने घेतली, तीही मूळची सोव्हिएत रशियासाठी बांधलेली आणि शीतयुद्धामुळे निर्यात अडलेली. कामगारांनी स्टालिनवरून त्यांचे नाव ‘लिटल जो’ ठेवले. ती उत्तम चालली, परंतु एव्हरीपुढे ओथेलोपर्यंत तारच नव्हती.

अखेर १९७० नंतरच्या वर्षांत जनरल इलेक्ट्रिकने खंड सांधून सारी यंत्रणा नवी करण्याची योजना पुढे केली, तेव्हा जीर्ण तारांतील तांब्याचा बाजारभाव पाहून कंपनीच्या संचालकांनी ती नामंजूर केली. विद्युत्-वाहतूक बंद करण्याचा निर्णय १९७३ च्या आरंभी जाहीर झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल अडवल्याने डिझेलचे भाव कडाडले. तरीही जून १९७४ मध्ये वीज तोडण्यात आलीच. माझ्या मते, तांबे मोजणाऱ्या या जमाखर्चात तेलाची बाजू कोणी मांडलीच नाही. १९७७ मध्ये कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली, आणि १९८० मध्ये मोंटानापासून पश्चिमेकडचा आपला बहुतेक मार्गच तिने सोडून दिला.