थंडीत वाळलेला मासा

अन्न टिकविण्याच्या ज्या युक्त्या मनुष्याने शोधून काढल्या, त्यांत वाळवण ही सर्वांत साधी आणि फार जुनी होय. उन्हात घालावे, वाळू द्यावे आणि भरून ठेवावे, एवढाच तिचा व्याप. वाळविणे म्हणजे ऊन, आणि ऊन जितके कडक तितके वाळवण चांगले, असा उष्ण देशांतील माणसाचा समज असल्यास त्यात नवल नाही. पापड-कुरडयांच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. परंतु जगातील अत्यंत टिकाऊ, आणि गेली हजार वर्षे देशोदेशी विकला गेलेला सुका मासा ज्या ठिकाणी तयार होतो, तेथे त्या ऋतूत कडक ऊन नसतेच. तो मासा उन्हाने वाळत नाही; थंडीने आणि वाऱ्याने वाळतो.

हे ठिकाण म्हणजे नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील लोफोतेन बेटे. सुमारे ६८ अक्षांशावर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे ती वसली आहेत. सैबेरियातील व्हेर्खोयान्स्क हे गाव जवळपास याच अक्षांशावर आहे आणि तेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली ४० अंशांच्याही खाली उतरते. लोफोतेनला मात्र अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहाचे पाणी येऊन भिडते. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही तेथील हवा शून्य अंशाच्या आसपास, कधी किंचित वर, कधी किंचित खाली, अशी रेंगाळत राहते. नेमक्या याच दिवसांत, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, बॅरेंट्स समुद्रातील कॉड माशांच्या झुंडी अंडी घालण्यासाठी या बेटांकडे येतात. मासा येण्याची वेळ आणि मासा वाळण्याजोगी हवा या दोहोंची अशी गाठ निसर्गाने क्वचितच घातली असेल.

कृती अगदी साधी. माशाचे डोके कापायचे, पोट साफ करायचे, दोन-दोन मासे शेपटीशी बांधून जोडी करायची आणि ती लाकडी मांडवावर लटकवायची. मीठ मुळीच लावायचे नाही. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत मासे वाऱ्यावर झुलत राहतात, जूनच्या सुमारास उतरविले जातात आणि मग दोन-तीन महिने कोठारात मुरतात. ताज्या माशात शंभरात ऐंशी भाग पाणी असते, ते पंधराच्या आसपास येते. एक किलो सुका मासा हवा तर सुमारे पाच किलो ताजा मासा खर्ची पडतो. पुढे तो कित्येक वर्षे टिकतो.

यात थंडीचे काम कोणते? हवा थंड असल्यामुळे मासा कुजविणारे सूक्ष्म जंतू मंदावतात आणि माशीचा ऋतू अजून लांब असतो. पाणी उडून जाण्याचे काम वारा करतो. ते काम सावकाश होत असल्याने वरची त्वचा एकदम आवळून घट्ट होत नाही, आतील ओलावा हळूहळू बाहेर येत राहतो. हवा फार तापलेली असती, तर पृष्ठभाग आधी कोरडा होऊन त्याचे कवच झाले असते, पाणी आत कोंडले असते आणि बाहेरून खडखडीत दिसणारा मासा आतून नासला असता. शिवाय माशाच्या मांसातील स्वाभाविक पाचकद्रव्ये या संथ काळात आपले काम करीत राहतात. या माशाची जी दाट, गोडसर चव युरोपात नावाजली गेली, ती याच संथपणाची कमाई होय. कॉडच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, ती सारी यकृतात साठलेली असते. त्यामुळे तो खवटही होत नाही.

तथापि थंडी जास्त झाली तरीही घात होतो. मासा ओला असतानाच हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली गेली, तर मांसात बर्फाचे खडे तयार होतात, तंतू फाटतात आणि मासा स्पंजासारखा पोकळ होतो. म्हणजे वर गेले की माशी आणि कूज, खाली गेले की बर्फ. मधल्या अरुंद पट्टीवर बेटांचा सारा संसार तोललेला.

या व्यवहाराचे प्राचीनत्व अलीकडे शास्त्रानेही सिद्ध केले आहे. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या एगिलच्या सागेत नवव्या शतकातील एक नॉर्वेजियन सरदार सुका मासा इंग्लंडला पाठवितो, असा उल्लेख येतो. पुष्कळांनी ती कथा म्हणून सोडून दिली असती. परंतु हेडेबी या जुन्या व्यापारी बंदरात, आजच्या जर्मनीच्या उत्तर भागात, कॉडची हाडे सापडली. ती इ. स. ८०० ते १०६६ या काळातील आहेत. २०१७ मध्ये त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले गेले, तेव्हा तो मासा उत्तर ध्रुवाकडील समुद्रातला असल्याचे निष्पन्न झाले. इतक्या दूरवर इतका काळ टिकून पोहोचेल, असा मासा वाळलेलाच असणार.

पुढे चौदाव्या शतकात बर्गन येथे जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाने आपली पेढी थाटली. उत्तरेकडील कोळ्यांना धान्य पिकविता येत नसे. व्यापारी त्यांना पीठ आणि धान्य उधार देत, आणि पुढील वर्षीचा मासा त्यापोटी आधीच बांधून घेत. एखाद्या हिवाळ्याची हवा बिघडली, की माशाची प्रत उतरे, प्रतीबरोबर भाव उतरे आणि कर्ज मात्र तसेच राही. हवेतील दोन अंशांचा फरक असा थेट कोळ्याच्या खतावणीत उतरत असे. ही जर्मन पेढी १७५४ मध्ये बंद झाली. उधारीची रीत तेवढ्याने सुटली असे मात्र समजू नये.

या माशाची कीर्ती दक्षिणेत नेली ती एका अपघाताने. व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी १४३१ मध्ये क्रीटहून मद्याचे पिंप भरलेले जहाज घेऊन फ्लँडर्सकडे निघाला. वादळाने जहाज गेले, अडुसष्ट माणसांपैकी अकरा वाचली आणि १४३२ च्या जानेवारीत ती लोफोतेनच्या टोकाशी असलेल्या रोस्ट बेटाच्या परिसरात लागली. बेटावरील कोळ्यांनी त्यांना घरात घेतले, मे महिन्यापर्यंत पोसले. क्वेरिनीने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात मिठावाचून वाऱ्यात वाळणारा, लाकडासारखा कठीण होणारा आणि कुऱ्हाडीच्या पाठीने कुटून लोणी घालून खाल्ला जाणारा हा मासा आला आहे. व्हिचेंझा शहराचे आजचे मानाचे पक्वान्न याच माशाचे.

याच कॉडची दुसरी कहाणी अटलांटिकच्या पलीकडे, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर घडली. तेथे मासेमारी उन्हाळ्यात होई. त्यामुळे मासा चिरून, मीठ लावून, झाडाच्या फांद्यांच्या माचांवर पसरावा लागे. येथे शत्रू ऊन. थंड समुद्रातील माशाच्या मांसाला बांधून ठेवणारे तंतू थोड्याशा उष्णतेनेही विरघळू लागतात. दुपारचे ऊन तापले की मासा वाळण्याऐवजी शिजू लागे, त्याच्या पाकळ्या सुटत आणि उचलताच त्याचे तुकडे होत. त्याला ‘ऊन लागलेला मासा’ असेच नाव होते. किनाऱ्यावरचे हे काम बहुतांशी बायकामुलांच्या अंगावर असे. ऊन चढताच धावत जाऊन मासे उलटे करायचे, कातडी वर करायची, ढगांकडे पाहात ढीग रचायचे आणि पुन्हा मोडायचे, असा त्यांचा उन्हाळा जाई. हंगामाच्या शेवटी पारखी माणूस प्रती ठरवी. चांगला मासा युरोपात जाई. सर्वांत हलक्या प्रतीचे नावच ‘वेस्ट इंडिया’ असे होते; तो कॅरिबियन बेटांतील उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या पोटासाठी जाई. उन्हाने बिघडलेला मासा कोणी खायचा, हेही अशा रीतीने ठरून गेले होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील बोंबील येथे सहजच आठवतो. वेसावे, अर्नाळा, सातपाटी येथे पावसाळा सरल्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लटकतात, आणि लोफोतेनला शेपटी बांधतात तर येथे एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करतात. बोंबलाच्या मांसात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, मीठ येथेही बहुधा लावीत नाहीत. मात्र हवा तीस अंशांच्या घरात असते, म्हणून तीन महिन्यांचे काम थोड्या दिवसांत उरकावे लागते. नाही तर मासा नासतो. उष्ण पाण्यातील माशाचे तंतू हे ऊन सोसतात, आणि सुक्या बोंबलाचा तो प्रसिद्ध वास, ज्याच्यावर एक घर जीव टाकते आणि शेजारचे घर खिडकी लावून घेते, तो या झपाट्याच्या वाळवणीचाच वाटेकरी आहे. अवकाळी पावसाची एक सर आली तर वलांडीवरचा माल हातचा जातो, हेही दुःख दोन्ही किनाऱ्यांना ओळखीचे आहे.

विसाव्या शतकात यंत्रे आली. १९३९ च्या सुमारास स्कॉटलंडमधील टॉरी संशोधन केंद्रात, जिच्यात हवेची उष्णता आणि आर्द्रता दोन्ही आवरता येतात, अशी मासा धुरविण्याची भट्टी तयार झाली. भारतात १९५७ मध्ये कोचीला मत्स्यतंत्रज्ञानाची संस्था निघाली आणि सौर वाळवणयंत्रांवर तेथे काम झाले. यंत्राने धूळ, माशी, पाऊस यांपासून सुटका होते, हा मोठाच लाभ. उष्णता आवरती ठेवण्याची गरज मात्र यंत्रालाही सुटलेली नाही.

लोफोतेनचे मांडव अजून उभे आहेत. तेथील चोख माल इटलीला जातो; हलकी प्रत आणि वाळविलेली डोकी नायजेरियाला. बियाफ्राच्या १९६७ ते १९७० च्या युद्धात हा मासा मदत म्हणूनही आला; तेथील लोकांच्या रश्शात तो रुळलेला आहे. हिवाळे उबदार होऊ लागल्यापासून मात्र बेटांवरील लोकांना माशीची धास्ती वाटते. ती लवकर आली की मांडवावर अंडी घालते. जूनमध्ये मासे उतरल्यावर पारखी प्रत्येक मासा हातात घेतो, पाठ चाचपतो, मानेशी नाक नेऊन वास घेतो आणि सुमारे वीस प्रतींपैकी एकीच्या ढिगात टाकतो.