गाल्लीपोली : दिव्याच्या तेलाचे नगर

गाल्लीपोली : दक्षिण इटलीतील पुल्या प्रांताच्या लेच्चे जिल्ह्यातील ऐतिहासिक बंदर. लोकसंख्या सु. 20,000. इटलीच्या नकाशावरील बुटाची टाच म्हणजे सालेंतो द्वीपकल्प. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, आयोनियन समुद्रात, चुनखडीच्या छोट्या बेटावर जुने गाव वसले आहे. सतराव्या शतकात बांधलेल्या दगडी पुलाने ते मुख्य भूमीवरील नव्या वस्तीशी जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक जिथे लढले, ते गॅलिपोली तुर्कस्तानातले. त्याचा या गावाशी संबंध नाही. दोन्ही नावांचे मूळ मात्र एकच, ‘सुंदर नगर’ या अर्थाचे ग्रीक नाव.

इटलीतील ऑलिव्ह तेलाची गावे म्हटली की डोळ्यांसमोर येते ते पाव, टोमॅटो आणि हिरवट सोनेरी धार. गाल्लीपोलीची कीर्ती वेगळ्या तेलावर उभी राहिली. येथून शतकानुशतके जे तेल जहाजांत चढले, ते प्रामुख्याने जाळायचे होते, खायचे नव्हे. युरोपातील शहरांतले दिवे त्यावर पेटले, लोकरीच्या गिरण्यांत ते धाग्याला लागले, साबणाच्या कढयांत गेले, तांबड्या रंगात सुती कापड रंगवणाऱ्यांनीही ते वापरले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्रज व्यापारी या तेलाला गावाच्याच नावाने ओळखत. हे ध्यानात घेऊन गावात पाऊल टाकले, तर चर्च, बंदर, तट आणि गल्ल्या यांचा परस्परसंबंध आपोआप उलगडत जातो. केवळ किनाऱ्यासाठी येणाऱ्यांना तो सहसा कळत नाही, आणि तसे येणाऱ्यांचीच संख्या आज मोठी आहे.

इतिहास : मेसापी लोकांची वस्ती, ग्रीक नगर, मग रोमन सत्ता, बायझंटाइन, नॉर्मन, आंजू घराणे, आरागोन घराणे असा दक्षिण इटलीतील बहुतेक बंदरांचा क्रम येथेही दिसतो. तेराव्या शतकात आंजूच्या शार्लने वेढा घालून गाव उद्ध्वस्त केले. 1484 मध्ये व्हेनिसच्या आरमाराने ते काही काळ जिंकले. पुढे स्पॅनिश आणि बूर्बाँ अमदानीत नेपल्सच्या राज्यातील तेलाचे प्रमुख निर्यात बंदर म्हणून त्याची भरभराट झाली, आणि गावाचे आजचे देखणे रूप बव्हंशी त्या पैशातून उभे राहिले. 1861 मध्ये इटली एक झाली. एकीकरणाच्या लढ्यातील एक ठळक नाव याच गावचे आहे : आंतोनिएत्ता दे पाचे (1818–1893). 1848 च्या नेपल्समधील उठावात ती होती, पुढे तिने तुरुंगवास सोसला आणि 7 सप्टेंबर 1860 रोजी त्या लढ्याचा सेनानी गारिबाल्दी याने नेपल्समध्ये प्रवेश केला तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. जुन्या गावातील मुख्य रस्त्याला तिचे नाव आहे.

जमिनीखालचे घाणे : त्याच रस्त्यावर ग्रानाफेई वाड्याच्या तळघरात, खडकात खोदलेला एक घाणा जतन करून ठेवला आहे. बेटाच्या पोटात असे सु. 35 घाणे होते असे सांगतात. गाल्लीपोलीत एकच गोष्ट पाहण्याइतका वेळ असेल, तर ती ही पाहावी.

घाणा जमिनीखाली का? पहिले कारण उबेचे. थंडी वाढली की ऑलिव्हचे तेल दाटते, आपल्याकडे हिवाळ्यात खोबरेल गोठते तसे. दाटलेले तेल लगद्यातून नीट निथळत नाही, पाण्यापासूनही वेगळे होत नाही. खडकाच्या पोटात बारा महिने तापमान जवळपास सारखे राहते, आणि दिव्यांची, जनावरांची, माणसांची ऊब त्यात भर घालते. दुसरे कारण खर्चाचे. येथला दगड मऊ आहे. तो कोरून काढण्यासाठी कुशल गवंडी लागत नाही, वर छप्पर घालावे लागत नाही, आणि जड दाबांचा भार भिंतींऐवजी खडक पेलतो. शिवाय रस्त्याच्या पातळीवरील भोकातून ऑलिव्हची पोती थेट खालच्या कोठ्यांत रिकामी करता येत.

हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई तो वसंतापर्यंत चाले, रात्रंदिवस. मधोमध दगडी कुंड, त्यात उभे दगडी चाक, आणि ते फिरवणारे डोळ्यांवर झापड बांधलेले खेचर. चिरडलेला लगदा लव्हाळ्यासारख्या गवताच्या विणलेल्या गोल, चपट्या पिशव्यांत भरत. या पिशव्यांना फिस्कोली म्हणतात. त्या एकावर एक रचून लाकडी दाबाखाली ठेवायच्या आणि माणसांनी आडव्या दांड्याला खांदा लावून स्क्रू पिळायचा. दोन स्क्रूंचा दाब कालाब्रियाच्या पद्धतीचा. एका स्क्रूचा जेनोव्हाच्या पद्धतीचा, आणि तो नंतरचा. निथळणारे तेल आणि पाणी खालच्या हौदात साचे. तेल वर तरंगले की ते पसरट भांड्याने अलगद काढून घ्यायचे. खाली उरे ते काळे, उग्र वासाचे पाणी आणि बाजूला पेंड. पाणी ज्या खड्ड्यात सोडत, त्याला ‘इन्फेर्नो’, म्हणजे नरक, असे म्हणत.

घाण्याच्या मुकादमाला ‘नाकीरो’ म्हणत. नावेवरच्या तांडेलासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. त्याच्या हाताखालची टोळी हंगामभर तेथेच राहायची, जेवायची, झोपायची. खडकात कोरलेले झोपायचे कट्टे आणि त्यांच्या शेजारी जनावरांची गव्हाण अशी रचना सालेंतोतील अनेक घाण्यांत आजही दिसते. छतावर तेलदिव्यांची काजळी, हवा कोंदट, आणि दिवसाचा उजेड फक्त जिन्याच्या तोंडाशी. लंडनच्या रस्त्यांना आणि दिवाणखान्यांना उजेड देणारे तेल इतक्या अंधारात निघत होते. म्हणून हा घाणा पाहायला गेल्यावर यंत्रे पाहून लगेच वर येऊ नये. दांड्याची उंची माणसाच्या छातीशी कुठे येते, फिरायला जागा किती, हे थांबून पाहावे. कामाचा भार तेव्हा कळतो.

तेल दिव्याचेच का, याचे उत्तर झाडाखाली आहे. सालेंतोतील जुनी झाडे उंच वाढवलेली. फळे तोडत नसत, पिकून गळण्याची वाट पाहत. पडलेली फळे वाकून वेचण्याचे काम बायकांचे होते. ती फळे घाण्याच्या कोठ्यांत आठवडेच्या आठवडे ढिगाने पडून राहत, तापत, आंबत. अशा फळांचे तेल भरपूर निघते, पण ते आम्लधर्मी आणि वासट असते. जाळायला किंवा लोकरीला लावायला ते चालते, ताटात घेता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत आजही 2 टक्क्यांहून अधिक आम्लता असलेल्या तेलाला ‘लाम्पान्ते’, म्हणजे दिव्याचे, असेच म्हणतात आणि शुद्धीकरणाशिवाय ते खाण्यासाठी विकता येत नाही.

हे बदलता येईल, असे ठामपणे सांगणारा माणूस गाल्लीपोलीतच जन्मला. जोव्हान्नी प्रेस्ता (1720–1797) पेशाने वैद्य. फळ केव्हा तोडावे, किती लवकर गाळावे, कोणत्या जातीचे तेल कसे, यांचे त्याने प्रयोग केले. नेपल्सचा राजा फेर्दिनांद चौथा याला त्याने तेलाचे 62 वेगवेगळे नमुने सादर केले आणि त्यांवरचे टिपण 1788 मध्ये छापले. ऑलिव्हची झाडे, फळे आणि तेल काढण्याची रीत यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1794 मध्ये नेपल्समध्ये निघाला. ताज्या फळाचे तेल गोड निघते, हे आज कुणीही शेतकरी सांगेल. पण दिव्याच्या तेलाला रोख गिऱ्हाईक असताना ते सांगायला धाडस आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागली. विज्ञान आणि शेती यांचा इतका सरळ संबंध जोडणारे लेखक त्या काळात फार थोडे होते, आणि प्रेस्ताचे नाव इटलीबाहेर अजून फारसे घेतले जात नाही ही उणीव आहे.

बंदर आणि हमाल : आसपासच्या गावांतून तेल कातडी पखालींत भरून येई. ते खडकात खोदलेल्या हौदांत ओतत. तेथे गाळ तळाशी बसून तेल निवळे. मग पिंपे भरून ती जहाजांकडे जात. यासाठी पिंपे बांधणारे कारागीर गावात होते, हमाल होते, दलाल होते, आणि अनेक देशांचे उपवाणिज्यदूतही होते. प्रत्येक व्यवसायाचा स्वतःचा धार्मिक बंधुसंघ होता आणि त्याचे स्वतःचे चर्च. बेटाच्या कडेने, तटाला लागून ही चर्चे उभी आहेत. त्यांतले सांता मारिया देल्ला पुरिता हे सतराव्या शतकातील चर्च बंदरावरील हमालांचे. बाहेरून साधे, पांढरे. दर्शनी भिंतीवर रंगीत मायोलिका फरशांची चित्रे. आत शिरल्यावर मात्र भिंती चित्रांनी भरलेल्या आणि पायाखाली नक्षीदार फरशी. पाठीवरून पिंपे वाहणाऱ्यांनी आपल्या मिळकतीतून हे उभारले. मोठ्या कॅथीड्रलपेक्षा येथे अधिक वेळ द्यावा, असे सुचवावेसे वाटते. समोरच छोटी पुळण आहे, तीही याच नावाची.

एकोणिसाव्या शतकात गॅस, खनिज तेल आणि शेवटी वीज आली, तसा दिव्याच्या तेलाचा बाजार ओसरला. घाणे एकेक करून बंद पडले, काहींचे कोठार झाले, काही बुजवले गेले.

इतर स्थळे : संत आगाताचे कॅथीड्रल 1629 पासून बांधायला घेतले, 1696 मध्ये पूर्ण झालेली त्याची दर्शनी भिंत स्थानिक दगडातील बरोक कोरीवकामाचा उत्तम नमुना आहे. आत गाल्लीपोलीचाच चित्रकार जोव्हान्नी आंद्रेआ कोप्पोला याची चित्रे आहेत. पुलाच्या तोंडाशी, पाण्यात पाय रोवून उभा असलेला किल्ला आंजू काळात सुरू झाला आणि आरागोन काळात गोल बुरुजांनी भक्कम झाला. पुलाच्या दुसऱ्या टोकाशी ‘ग्रीक कारंजे’ आहे; नाव ग्रीक असले तरी अनेक अभ्यासक ते सोळाव्या शतकातले मानतात. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये येशूबरोबर क्रुसावर चढवलेल्या दुष्ट चोराची लाकडी मूर्ती आहे. तिचा विकट चेहरा पाहायला लोक मुद्दाम येतात. समोर समुद्रात सांत आंद्रेआ बेट. त्यावर दीपस्तंभ आहे आणि दुर्मीळ ओद्वँ कुरव पक्ष्यांची वीण होते. बेट आणि दक्षिणेकडील पुंता पिझ्झोचा किनारा मिळून प्रादेशिक नैसर्गिक उद्यान केले आहे. 23 ते 25 जुलै या काळात संत क्रिस्तिनाचा उत्सव असतो. त्यात समुद्रावर आडव्या बांधलेल्या निसरड्या खांबावरून चालत टोकाचे निशाण काढण्याची चुरस लागते.

खाणे : येथील जांभळट लाल कोळंबी प्रसिद्ध आहे, ताजी असेल तर कच्चीही खातात. खास गावचा पदार्थ स्कापेचे : छोटे मासे तळायचे, आणि व्हिनेगर व केशरात भिजवलेल्या पावाच्या चुऱ्याचे थर देत लाकडी पिंपात मुरवायचे. टिकाऊ मासळीची ही तजवीज. उत्सवांत ती पिंपातून थेट विकली जाते.

झाडांचा रोग : गाल्लीपोलीचे नाव 2013 नंतर जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या तोंडी आले, ते दुःखद कारणाने. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या गावाच्या आसपासच्या बागांत झायलेला फास्टिडिओसा हा जीवाणू सापडला. युरोपातील शेतात तो पसरल्याची ही पहिली नोंद. जीवाणू झाडाच्या जलवाहिन्या तुंबवतो. आधी शेंड्याची पाने करपतात, मग फांद्या, मग संपूर्ण झाड वाळते. कोवळेपणी फेसात राहणारा एक छोटा तुडतुडा त्याचा प्रसार करतो. जनुकीय अभ्यासानुसार हा वाण मध्य अमेरिकेतून, बहुधा कोस्टा रिकाहून आलेल्या कॉफीच्या शोभेच्या रोपांबरोबर आला.

उपाय म्हणून रोगट आणि आसपासची झाडे तोडण्याचे आदेश निघाले तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. पणजोबांच्याही आधीपासून उभे असलेले झाड कापायला कोण सहज तयार होईल? डिसेंबर 2015 मध्ये लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोड थांबवली आणि शास्त्रज्ञांचीच चौकशी लावली. 2019 मध्ये ती काही निष्पन्न न होता बंद झाली. मधल्या काळात रोग उत्तरेकडे सरकत राहिला. झळ पोचलेल्या झाडांची संख्या 2 कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज शेतकरी संघटना वर्तवतात. शेतकऱ्यांचा आक्रोश खरा होता, पण शास्त्रज्ञांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून गमावलेला वेळ बागांना परत मिळाला नाही.

येथील चेल्लीना दि नार्दो आणि ओल्यारोला या दोन्ही पारंपरिक जाती रोगाला बळी पडतात. लेच्चीनो आणि ‘फावोलोझा’ (एफएस-17) या जाती बऱ्याच तग धरतात, म्हणून नवी लागवड त्यांचीच होते; काही जुन्या खोडांवर लेच्चीनोची कलमे बांधून पाहण्याचे प्रयोगही चालू आहेत. लेच्चेहून गाल्लीपोलीकडे जाताना दोन्ही बाजूंना करड्या, निष्पर्ण झाडांच्या रांगा लागतात आणि मधेच गुडघाभर हिरवी रोपे. हा पट्टा गाडीच्या काचेतून मागे टाकू नये. एखाद्या बागेपाशी उतरून खोडांचे पीळ जवळून पाहावेत.

प्रवास व खरेदी : सर्वांत जवळचा मोठा विमानतळ ब्रिंदिझी. रोमहून लेच्चेपर्यंत थेट रेल्वे आहे; तेथून ‘फेर्रोव्हिए देल सूद एस्त’ची छोटी गाडी किंवा बस गाल्लीपोलीला नेते. भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही कळसाला असतात. घाणे आणि तेल यांत रस असेल त्यांनी ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर निवडावा, तेव्हा आसपासच्या गावांतील आधुनिक तेलगिरण्या चालू असतात. जुन्या गावात वाहनांवर निर्बंध आहेत. बेट पायी तासाभरात फिरून होते. घाणा आणि लहान चर्चे दुपारी बंद असू शकतात.

तेल घेताना बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा असावा आणि त्यावर गळिताचा हंगाम छापलेला असावा. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेलाची आम्लता 0.8 टक्क्यांपेक्षा जास्त नसते. ‘तेर्रा द’ओत्रांतो’ या संरक्षित नावाच्या तेलात चेल्लीना दि नार्दो आणि ओल्यारोला या पारंपरिक जातींचा वाटा बहुतांश असावा लागतो, म्हणून ते आता दुर्मीळ होत चालले आहे, मिळाल्यास घ्यावे. नव्या लागवडीचे लेच्चीनो किंवा फावोलोझाचे तेलही घ्यावे, कारण जळालेल्या बागा पुन्हा लावणाऱ्यांचा पुढच्या वर्षाचा खर्च त्यातूनच निघतो. विमानाने आणताना डबा केबिनमध्ये चालत नाही, तो खालच्या सामानात टाकावा.