अवतरणचिन्ह आणि वचनाची सीमा

दुसऱ्याचे शब्द उलट्या-सुलट्या स्वल्पविरामांत बांधण्याची रीत मराठीने इंग्रजीपासून घेतली. मेजर थॉमस कँडी ह्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली निघाली, आणि पुढे छापील ग्रंथांतून ही चिन्हे रुळली. तत्पूर्वी मराठीला उद्धृत वचन दाखविता येत नव्हते, असे मात्र समजू नये. साधन होते, ते चिन्हात नसून शब्दात होते.

संस्कृतात वचनाअखेर ‘इति’ येते, मराठीत ‘म्हणून’ किंवा ‘असे’. हिंगोली जिल्ह्यातील हट्ट्याचा शेतकरी असो की पुण्याचा पंडित, ‘उद्या येतो म्हणून सांगितले’ अशी रचना दोघांच्याही तोंडी सहज येते. त्याच जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ‘नामा म्हणे’ ही मुद्राही वचन कोणाचे हेच सांगते.

परंतु शब्दाची खूण वचनाचा एकच काठ दाखविते. ‘राम मी येतो म्हणून बोलला’ ह्या वाक्यातील ‘मी’ राम की सांगणारा? इंग्रजीत अप्रत्यक्ष कथन करताना सर्वनाम व काळ बदलावा लागतो. मराठीत तसे बंधन नाही. म्हणूनच आपला विद्यार्थी इंग्रजी लिहिताना ‘की’चा प्रतिशब्द घालतो आणि पुढे अवतरणचिन्हही उघडतो. त्याला केवळ निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. खुद्द इंग्रजीतही एकवाक्यता नाही. मूळ वचनात नसलेला स्वल्पविरामदेखील अमेरिकन मुद्रक चिन्हाच्या आत घेतात, ब्रिटिश मुद्रक सामान्यतः बाहेर ठेवतात.

ह्या काठाचे खरे महत्त्व जुन्या पोथ्या छापताना कळते. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ ह्या शब्दांनी चक्रधरांच्या वचनाचा प्रारंभ कळतो. ते कोठे संपले व निवेदन कोठे सुरू झाले, हे सांगणारी खूण प्रत्येक ठिकाणी नसते. चक्रधरांच्या वचनांचाच केशिराजांनी ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि महानुभावांना तो प्रमाण आहे. तेव्हा एखादे वाक्य चक्रधरांचे की चरित्रकाराचे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे. आधुनिक संपादक मिटते चिन्ह घालतो तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देऊन मोकळा होतो, आणि वाचक ते उत्तर पोथीचेच समजतो. पाठभेद तळटीपेत नोंदविले जातात, तशी संशयास्पद ठिकाणची अवतरणचिन्हेही संपादकाची म्हणून नोंदविली गेली पाहिजेत.