सही कुणाची, आवाज कुणाचा : ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि कलावंताची साक्ष

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलेल्या माणसाचा गिटारच्या ॲम्प्लिफायरशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो न्यायदर्शनातूनच येतो. तिथूनच सुरुवात करू, म्हणजे पुढचा इतिहास मी कोणत्या बाजूने बघतोय ते तुमच्या ध्यानात येईल.

आवाज कागदावर छापता येत नाही. ॲम्प्लिफायरची जाहिरात करायची तर वॅट सांगता येतात, स्पीकरचे इंच सांगता येतात, फोटो छापता येतो; पण तो कसा वाजतो, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. गावातल्या पोराने तो ऐकायचा कुठे? मग ज्याने ऐकलाय, वापरलाय, त्याच्या शब्दावर विसंबणं आलं. आपल्याकडे ह्याला शब्दप्रमाण म्हणतात. आप्ताचं वचन हे ज्ञानाचं साधन आहे, असं नैयायिक मानतात. आता आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाने दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, त्याला ती वस्तू प्रत्यक्ष माहीत पाहिजे. दोन, जसं पाहिलं तसंच सांगायची त्याची इच्छा पाहिजे. आणि पुढे तो म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ ह्या सगळ्यांना सारखंच लागू आहे. तेव्हा आज मी काही म्लेंच्छ गिटारवादकांना साक्षीला बोलावलं तर वात्स्यायनाची हरकत नसावी.

कंपनीने वाद्याला नामवंत वादकाचं नाव देणं, ही प्रथा ॲम्प्लिफायरहून जुनी आहे. गिब्सन कंपनीने 1920च्या दशकाच्या अखेरीस निक लुकस ह्या गायक-वादकाच्या नावाने गिटार काढली. 1952मध्ये लेस पॉलच्या नावाची निघाली, ती आजही विकली जाते. पण ॲम्प्लिफायरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे वादक आधी तक्रार घेऊन आला आणि स्तुती नंतर झाली.

कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचं गाव आहे. तिथे लिओ फेंडर ह्या गृहस्थाने 1938मध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. शिक्षण हिशेबनिशीचं, एक डोळा लहानपणीच गेलेला, आणि गिटार वाजवता येत नव्हती. जगभर ज्याच्या नावाची गिटार गाजली त्याला ती वाजवता येत नव्हती, हे ऐकून लोकांना गंमत वाटते. मला ती त्याच्या यशाची एक बाजू वाटते. स्वतःच्या कानावर विसंबता येत नाही म्हटल्यावर तो वादकांना विचारत राहिला. त्यांच्या हातात नमुना द्यायचा, कुठे बिघडला ते ऐकायचं, पुन्हा उघडायचा.

ह्या पद्धतीचं टोकाचं उदाहरण म्हणजे डिक डेल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बाल्बोआच्या रान्देवू बॉलरूममध्ये तो वाजवायचा. समोर नाचणाऱ्यांची प्रचंड गर्दी. डावखुरा माणूस, तारा उलट्या क्रमात, आणि हात असा जोरकस की फेंडरने दिलेले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकामागून एक जळायचे. ह्या जळालेल्या मालातूनच 1960च्या सुमारास ‘शोमन’ हा मोठा ॲम्प्लिफायर आणि त्यासाठी जेबीएल कंपनीचा पंधरा इंची स्पीकर जन्माला आला. डेलची साक्ष म्हणजे हे जळकं यंत्र. ह्यात खोटं बोलायला जागाच नव्हती.

आता इंग्लंडला जाऊ. अमेरिकन माल तिथे महाग पडायचा. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल भागात, अक्सब्रिज रोडवर, जिम मार्शलने 1960मध्ये वाद्यांचं दुकान टाकलं. हाही गिटारवादक नव्हे. ड्रम वाजवायचा आणि शिकवायचा. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे ह्याची कित्येक वर्षं प्लास्टरमध्ये गेली होती. त्याच्या ड्रमच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या बँडमधले गिटारवाले दुकानात यायला लागले आणि म्हणायला लागले, आम्हाला हवा तसा ॲम्प्लिफायर इथे मिळतच नाही. मार्शलने आपला दुरुस्ती कारागीर केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ ह्यांना कामाला लावलं. त्यांनी फेंडरचा ‘बेसमन’ समोर ठेवला आणि त्याच सर्किटवरून 1962मध्ये आपला ॲम्प्लिफायर बांधला. नाव जेटीएम 45. जिम आणि त्याचा मुलगा टेरी मार्शल ह्यांची ती आद्याक्षरं. ब्रॅन आणि क्रेव्हन ह्यांचं एकही अक्षर त्यात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नक्कलच होती म्हणा ना. पण पहिल्या टप्प्यात जास्त वाढ देणारा व्हॉल्व्ह घातला, आणि स्पीकर चार बारा इंची, मागून बंद असलेल्या खोक्यात बसवले. परिणाम असा, की आवाज लवकर फाटायला लागला. विजेचा संकेत यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेला की लाटेची टोकं कापली जातात आणि मुळात नसलेले वरचे स्वरांश त्यात तयार होतात. रेडिओच्या इंजिनियरला विचारलंत तर तो म्हणेल, हा दोष. गिटारवाल्याला विचारलंत तर तो म्हणेल, हेच तर मला हवं होतं. तारेचा स्वर टिपेला लांबतो, दाट होतो. इथे ॲम्प्लिफायर हा आवाज मोठा करणारा नोकर राहिला नाही, वाद्याचाच अर्धा भाग झाला. सतारीला भोपळा असतो तसा.

1965मध्ये ‘द हू’चा पीट टाउनशेंड आला आणि म्हणाला, ह्याहून मोठा आवाज पाहिजे. मार्शलच्या माणसांनी शंभर वॅटचा केला. मग त्याला एकाच पेटीत आठ स्पीकर हवे होते. तेही करून दिले. ती पेटी इतकी जड झाली की सामान वाहणाऱ्या पोरांनी कुरकुर केली. तेव्हा ती मधोमध तोडून चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या. रॉकच्या मंचावर मागे दिसणारी ती काळी भिंत, जिला ‘मार्शल स्टॅक’ म्हणतात, तिच्या आकारामागे हमालांची पाठदुखी आहे. बाकी टाउनशेंडचं नाव इतिहासात आहे, हमालांचं नाही.

पुढच्या वर्षी, 1966मध्ये, एक अमेरिकन तरुण मार्शलच्या दुकानात आला. त्याला घेऊन येणारा मिच मिचेल हा मार्शलचाच ड्रमचा विद्यार्थी आणि काही काळ दुकानातला नोकर. तरुणाचं नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स, म्हणजे जिमी हेंड्रिक्स. नाव जुळणं हा निव्वळ योगायोग. मार्शल पुढे सांगत असे, की मला वाटलं, आला आणखी एक फुकट मागणारा. पण हेंड्रिक्सने सांगितलं, की मला पूर्ण किंमत द्यायची आहे, फक्त जगात कुठेही असलो तरी यंत्र दुरुस्त झालं पाहिजे. माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात स्वच्छ साक्ष. वात्स्यायनाची दुसरी अट आठवा. ज्याने पदरचे पैसे मोजलेत त्याला गोड बोलायचं कारण उरत नाही.

ह्याच्याशी ‘व्हॉक्स’ची तुलना करा. केंट परगण्यातल्या डार्टफर्डचा टॉम जेनिंग्ज धंदा बघायचा, यंत्रं आखायचा डिक डेनी. ‘द शॅडोज’चा हँक मार्विन म्हणाला, पोरांच्या आरडाओरड्यात आमचं काही ऐकू जात नाही; त्यातून तीस वॅटचा ‘एसी 30’ आला. इथपर्यंत तीच जुनी, चांगली गोष्ट. पण 1962मध्ये बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन आला आणि देवघेव ठरली. ॲम्प्लिफायर तुमचे, मंचावर आम्ही फक्त तेच वापरू. बीटल्सना तो आवाज आवडला नसेल असं मी म्हणत नाही. पण करार झाल्यावर आवडणं आणि बांधील असणं ह्यात फरक करायची सोय प्रेक्षकाला राहत नाही. मंचावरचं नाव आता साक्ष देत नाही, नुसतं दिसत राहतं.

आणि ते ऐकूही जात नव्हतं! 15 ऑगस्ट 1965ला न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोक जमले होते. व्हॉक्सने शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर दिले होते. गाणं मात्र स्टेडियमच्या घोषणा करायच्या कर्ण्यांतून जात होतं. मुलींच्या किंकाळ्यांपुढे त्याचा काय टिकाव लागणार? बीटल्सना स्वतःचं गाणं धड ऐकू येत नव्हतं. वर्षभराने, 29 ऑगस्ट 1966ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी शेवटचा तिकीटवाला कार्यक्रम केला. कारणं अनेक होती, त्यातलं हे एक.

म्हणजे अडचण गिटारच्या ॲम्प्लिफायरची नव्हती. सगळे आवाज एकत्र घेऊन, तोलून, लोकांपर्यंत पोचवणारी व्यवस्थाच नव्हती. ही जागा मिक्सरने आणि त्याच्यामागे बसणाऱ्या माणसाने भरून काढली. इंग्लंडात चार्ली वॉटकिन्सने 1967मध्ये विंडसरच्या महोत्सवासाठी हजार वॅटची व्यवस्था उभी केली. अमेरिकेत 1969च्या वुडस्टॉकला बिल हॅन्लीने. ही नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? वुडस्टॉकला कोण वाजवून गेलं ते ठाऊक असतं. ते लाखो लोकांना ऐकू कुणी घातलं, ते नसतं.

‘ग्रेटफुल डेड’ ह्या बँडने तर 1974मध्ये प्रेक्षकांतला मिक्सरवालाच काढून टाकायचा प्रयोग केला. सुमारे 75 टनांची स्पीकरची भिंत वादकांच्या पाठीशी, प्रत्येक वाद्याचे स्पीकर वेगळे, आणि आपला आवाज ज्याचा त्याने सांभाळायचा. पण मागचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणार, त्याचं काय? तर प्रत्येक गायकाला दोन माइक, उलट जोडलेले. गायचं एकातच, मागून येणारा आवाज दोन्हींत सारखा शिरतो आणि एकमेकांना कापतो. बुद्धी बघा! पण वाहतुकीचा खर्च झेपेना आणि त्याच वर्षाअखेर भिंत उतरवली. मिक्सरवाला आपल्या जागी परतला.

आता एक गोष्ट बघण्यासारखी आहे. गिटारच्या ॲम्प्लिफायरवर वादकाची सही विकली जाते. मिक्सरवर गायकाची सही असा प्रकार रुजलाच नाही. तिथे नाव असतं ते बनवणाऱ्याचं : रूपर्ट नीव्ह, ग्रेग मॅकी. कारण उघड आहे. ॲम्प्लिफायर आवाजाला स्वतःचा रंग लावतो, तो रंग अमक्या वादकाचा म्हणून ओळखता येतो. मिक्सर चांगला म्हणजे जो जाणवत नाही तो. जे जाणवत नाही त्याची साक्ष कोण देणार? आपल्या नाटकाच्या दौऱ्यावर साउंडवाल्याची आठवण फक्त माइक शिट्टी मारतो तेव्हाच निघते, तसंच हे.

शेवटची गोष्ट पीव्हीची. हार्टली पीव्ही मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचा, वडिलांचं वाद्यांचंच दुकान. पोराला रॉक गिटारवादक व्हायचं होतं, ते जमलं नाही. 1965मध्ये त्याने कंपनी काढली. रोज रात्री कुठेतरी वाजवून पोट भरणाऱ्या माणसाला परवडेल असा टिकाऊ माल, हे त्याचं धोरण. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये गर्दी दिसल्यावर तो गायकांसाठीच्या ध्वनिव्यवस्थेकडे, मिक्सरकडेही वळला. बरीच वर्षं नामवंतांच्या सह्यांपेक्षा किंमत हीच त्याची जाहिरात होती.

पण 1990च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एडी व्हॅन हेलनशी हातमिळवणी केली आणि ‘5150’ हा ॲम्प्लिफायर काढला. हा आकडा व्हॅन हेलनच्या घरच्या स्टुडिओचं नाव. मूळचा तो कॅलिफोर्नियाच्या कायद्यातल्या, मनोरुग्णाला 72 तास ताब्यात ठेवण्याच्या कलमाचा. आता हा साक्षीदार कसा होता बघा. 1978च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून त्याच्या मार्शलच्या आवाजाने लोक वेडे झाले होते. रहस्य विचारलं तर सुरुवातीच्या मुलाखतींत तो सांगे, की मी यंत्राला नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. पोरांनी तसं केलं आणि आपले ॲम्प्लिफायर जाळून घेतले. पुढे कळलं, की तो व्होल्टेज कमी करत होता. वात्स्यायनाची पहिली अट शंभर टक्के पूर्ण, दुसरी साफ नापास! ज्ञान आहे, सांगायची इच्छा नाही.

तरीही ‘5150’ उत्तम निघाला, कारण त्याच्या घडणीत व्हॅन हेलन हे ठीक नाही, ते ठीक नाही म्हणत राहिला आणि जेम्स ब्राउन नावाचा पीव्हीचा इंजिनियर ते बदलत राहिला. गायक जेम्स ब्राउन नव्हे. मार्शलच्या ब्रॅन-क्रेव्हनसारखाच हाही यंत्राच्या दर्शनी बाजूला कुठे नाही.

2004मध्ये हा सहयोग संपला. नाव व्हॅन हेलनबरोबर गेलं, सर्किट पीव्हीकडे राहिलं. पीव्हीने कंपनीच्या चाळीस वर्षांचा, 1965 ते 2005चा, हिशेब धरून त्याच यंत्राला ‘6505’ म्हटलं. व्हॅन हेलनने काही वर्षांनी फेंडरबरोबर आपल्या नावाचा ‘5150’ पुन्हा काढला, वेगळ्या बांधणीचा. म्हणजे बाजारात आता एकाकडे नाव होतं आणि दुसऱ्याकडे ती वस्तू. आणि ज्या कडक मेटल संगीताचं व्हॅन हेलनशी फारसं नातं नव्हतं, त्यातले वादक सही गेल्यानंतरही तोच पीव्ही वापरत राहिले. त्यांना तो कुणी सांगितला म्हणून घ्यावा लागला नव्हता. वीस-पंचवीस जणांच्या खोलीत, शेजारच्या बँडचा, कानांनी ऐकला होता.