आडात असूनही पोहऱ्यात येत नाही

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण राजकारणाला इतक्या सहज लावतो की तिच्यातले गृहीतक तपासायचे राहूनच जाते. वरचा माणूस स्वच्छ असला आणि त्याने मनावर घेतले, तर खालचा कारभार सुधारतो. सुधारला नाही, तर एक तर माणूस खोटा किंवा त्याचा निर्धार कच्चा. दर निवडणुकीला हाच सिद्धान्त नव्या चेहऱ्यानिशी पुढे येतो. मग आपण नेत्याचे राहणीमान पाहतो, पोराच्या लग्नात किती पंगती उठल्या ते मोजतो, जावई कंत्राटदार नाही ना याची खात्री करून घेतो आणि मत देतो. पाच वर्षांनी चिरीमिरीचा दर तेवढा वाढलेला असतो आणि आपण म्हणतो, हाही तसलाच निघाला.

या मतात तथ्य नाही असे कोण म्हणेल? ज्या मंत्र्याच्या दालनाबाहेर टक्केवारी ठरते, त्याच्या खात्यातल्या शाखा अभियंत्याने कुणाला भ्यायचे? पण भ्रष्ट नेता कारभार नासवतो, एवढ्यावरून स्वच्छ नेता तो सुधारतो असे निष्पन्न होत नाही. आपल्या नैयायिकांनी कार्यकारणभाव ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या. कारण हजर असताना कार्य दिसते का, आणि कारण गैरहजर असताना ते नाहीसे होते का. स्वच्छ नेत्याचा सिद्धान्त या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहू.

आधी अन्वय. गुलझारीलाल नंदांइतका निष्कलंक गृहमंत्री या देशाला क्वचितच मिळाला असेल. दोनदा हंगामी पंतप्रधान झालेला हा माणूस उतारवयात भाड्याच्या घरात राहिला आणि १९९८ मध्ये गेला तेव्हा मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. १९६३ मध्ये गृहखाते हाती येताच त्यांनी दोन वर्षांत भ्रष्टाचार हटवण्याची प्रतिज्ञा केली. सदाचार समित्या काढल्या, साधुसंतांनाही कामाला लावले. त्याच सुमारास संथानम समितीचा अहवाल आला, आणि परवाने-कोट्यांच्या राज्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला मिळालेला वाव हेच लाचेचे माहेर आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. परवाने-कोटे राहिलेच. दोन वर्षे उलटली, आणि १९६६ च्या नोव्हेंबरात गोहत्याबंदीच्या आंदोलनात दिल्लीत हिंसाचार झाल्यावर नंदांचे गृहमंत्रिपद गेले. त्या काळातून मागे उरला तो केंद्रीय दक्षता आयोग. १९६४ साली स्थापन झालेला हा आयोग फक्त सल्ला देऊ शकत होता. त्याला कायद्याचा आधार मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विनीत नारायण निकाल आणि त्यानंतर २००३ चा कायदा यावा लागला. नंदांच्या सचोटीवर आजही कुणी बोट ठेवत नाही. प्रतिज्ञेचे काय झाले, तेवढे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रातला दाखला याहून ताजा आहे. २०१० च्या नोव्हेंबरात ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात मुख्यमंत्री बदलला आणि पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले. त्यांच्या वैयक्तिक स्वच्छतेबद्दल विरोधकांचीही तक्रार नव्हती. उलट, फायली इतक्या बारकाईने वाचतात की सहीच होत नाही, अशी मित्रपक्षाची कुरकुर होती. त्यांच्याच काळात २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दहा वर्षांत सिंचनाखालचे क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याची चर्चा सुरू झाली. या अवधीत खर्च झालेल्या सत्तर हजार कोटींचा जाब विचारला जाऊ लागला. उपमुख्यमंत्र्यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते मंत्रिमंडळात परतले. ही श्वेतपत्रिका तयार केली ती ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न होता त्याच जलसंपदा खात्याने! ‘आदर्श’च्या चौकशी आयोगाचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये सरकारकडे आला, डिसेंबरात सरकारने तो फेटाळला आणि दिल्लीतून पक्षाच्या उपाध्यक्षांनी जाहीर नापसंती दाखवल्यावर जानेवारीत अंशतः स्वीकारला. यात मुख्यमंत्र्यांनी पैसे खाल्ले असे कुणीच म्हटले नाही. त्यांचे सरकार मित्रपक्षाच्या आमदारांवर उभे होते, जलसंपदा खाते त्याच पक्षाकडे होते, आणि त्यांची स्वच्छता त्यांच्या दालनाच्या उंबरठ्यापर्यंतच चालत होती.

आता व्यतिरेक. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने भ्रष्टाचाराविरुद्ध केलेले दोन खरे धारदार कायदे कोणते? २००२ चा माहिती अधिकाराचा आणि २००५ चा बदल्यांचा. देशाचा माहिती अधिकार कायदा महाराष्ट्राच्या नंतर आला, हे आपण अनेकदा विसरतो. दोन्ही कायदे आकाराला आले तेव्हा मुख्यमंत्री विलासराव देशमुख होते. त्यांची ख्याती हजरजबाबीपणाची, सर्वांना सांभाळून घेण्याची. भ्रष्टाचारनिर्मूलनाचे वचन देऊन ते सत्तेवर आले नव्हते. अण्णा हजारे उपोषणाला बसत होते, वर्तमानपत्रे मागे लागली होती आणि कायदा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे सिद्धान्ताला हवे ते कारण गैरहजर, आणि कार्य समोर उभे.

असे का व्हावे? आपण समजतो की भ्रष्टाचार वरून खाली झिरपतो. पैसा मात्र खालून वर चढतो. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने दक्षिण भारतातल्या कालव्यांवर काम करून १९८२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पाटबंधाऱ्याच्या कार्यकारी अभियंत्याला हव्या त्या जागेसाठी वर पैसे मोजावे लागतात, तो ते ठेकेदारांकडून आणि पाण्यासाठी ताटकळलेल्या शेतकऱ्यांकडून वसूल करतो आणि वर गेलेल्या पैशावर राजकारण चालते, असे त्याने दाखवले. या साखळीची कडी म्हणजे बदली. जो वसुली करत नाही त्याची ‘साइड पोस्टिंग’ला रवानगी, जो करतो त्याला मलईदार जागा. वरचा नेता पैशाला हात लावत नसला तरी बदल्यांची यादी त्याच्या मंत्रिमंडळातून, आमदारांच्या शिफारसपत्रांतून आणि पक्षाच्या गरजेतूनच तयार होते. लाचलुचपत विभागाचा सापळा या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला लागतो. दोन पंच, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवताच गुलाबी होणारी बोटे. बोटे बहुधा तलाठ्याची, फौजदाराची किंवा कारकुनाची असतात. त्याने जागेसाठी ज्यांना मोजले, त्यांच्या बोटांना पावडर कोण लावणार?

गंमत अशी की कौटिल्याने हीच बदली उपाय म्हणून सांगितली होती. अपहाराचे चाळीस प्रकार मोजणारा हा गृहस्थ अधिकाऱ्याला एका जागी कायम ठेवू नये म्हणतो. रुजला की खातो. त्याच्या काळी बदली हे औषध होते. आमच्याकडे औषधाचाच बाजार मांडला गेला.

म्हणूनच २००५ चा बदल्यांचा कायदा जवळून वाचण्यासारखा आहे. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. एका जागी साधारण तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल-मे महिन्यांत, आणि फाईल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात ते या शेवटच्या कलमामुळे. इथवर सारे उत्तम. मग कलम ४ चे पाचवे पोटकलम येते: विशेष प्रकरणी, कारणे लेखी नोंदवून आणि वरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन, मुदतीआधीही बदली करता येईल. मध्यावधी बदल्यांची सारी वाहतूक याच फटीतून चालते. कारण म्हणून लिहायचे ‘प्रशासकीय कारणास्तव’, किंवा ज्याला ती जागा हवी आहे त्याची ‘विनंती’. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, अशा कितीतरी बदल्या टिकलेल्या नाहीत, कारण विशेष म्हणून नोंदवलेल्यात विशेष काहीच नव्हते. पण मॅटमध्ये जायला धाडस लागते, वकील लागतो, आणि जिंकून परत आलेल्याला खुर्चीवर कोण नीट बसू देतो? पुढे देशमुखांच्या जागी आलेल्या एकाही मुख्यमंत्र्याने, स्वच्छ म्हणवणाऱ्याने की न म्हणवणाऱ्याने, हे पोटकलम काढून टाकले नाही.

दिल्लीतली कथा वेगळी नाही. मोठ्या अधिकाऱ्याची चौकशी करायची तर सीबीआयने आधी सरकारची परवानगी घ्यावी, हा दंडक १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २००३ च्या कायद्याने तो परत आणला. २०१४ मध्ये न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ घालून पूर्वपरवानगी पुन्हा आली, आणि या खेपेला ती छोट्यामोठ्या सर्वच लोकसेवकांच्या निर्णयांना लागू झाली. प्रामाणिक अधिकारी चौकशीच्या भीतीने सहीच करत नाही, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. पण परवानगीची किल्ली एखाद्या स्वतंत्र यंत्रणेकडे न देता सरकारकडेच का ठेवली, याचे उत्तर त्यात नाही. परस्परांना भ्रष्ट म्हणून हिणवणाऱ्या पक्षांचे या एका बाबतीत मात्र एकमत दिसते.

तर मग कुणालाच काही करता येत नाही, असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. हाँगकाँगमध्ये १९७३ च्या जूनमध्ये पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी चौकशी सुरू असताना विमानतळावरचा आपला पोलिसी पास दाखवून सटकला. लोक रस्त्यावर उतरले. गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी तोवर पोलीस दलातच असलेली भ्रष्टाचारविरोधी शाखा तिथून उचलली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये स्वतंत्र आयोग उभा केला. तक्रारीचा तपास बंद करायचा तर त्यावर बाहेरच्या लोकांच्या समितीची नजर ठेवली. १९७५ मध्ये गॉडबरला इंग्लंडहून आणून शिक्षा झाली. ऑक्टोबर १९७७ मध्ये पोलिसांनीच या आयोगाच्या कचेरीत घुसून मारहाण केली, तेव्हा गव्हर्नरांना नमते घ्यावे लागले आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांना माफी जाहीर झाली. स्वच्छतेच्या भाविकांना ही माफी पचणार नाही. पण आयोग टिकला तो या तडजोडीमुळेच, आणि एका पिढीत तिथली पोलिसांची हप्तेबाजी मोडली.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मॅक्लेहोसना निवडणूक लढवायची नव्हती. आक्षेप बिनतोड आहे, आणि तो माझ्याच बाजूने पडतो. आमच्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. नेता कितीही सोवळा असो, पक्ष चालवायला लागणारा पैसा कुठून तरी येतोच. वैयक्तिक चारित्र्याने या हिशेबातली एकही बाजू बदलत नाही.

दुसरा आक्षेप संगणकाचा. सारे ऑनलाइन झाले की माणूसच मध्ये उरणार नाही, मग लाच घेणार कोण? डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो, आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात बसण्याची पाळी गेली, हे मान्यच केले पाहिजे. पण वडील वारले आणि वारसनोंद लावायची असली, तर फेरफार नोंदवावा लागतो, नोटीस निघते, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत जाते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत कुणी घेतली, ती ग्राह्य की अग्राह्य, नोंद मंजूर की रद्द, हे ठरवणारा माणूसच आहे. यंत्राने नक्कल काढण्याचे काम घेतले आणि जिथे मर्जी होती तिथे मर्जी राहिली. साहजिकच वजनही तिथेच ठेवावे लागते.

म्हणून भ्रष्टाचार हटवण्याचे वचन पाळता येते का, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. नेत्याने वचन दिले की त्याला विचारावे: तुमच्या हातातला कोणता अधिकार तुम्ही सोडणार? मुदतीआधीच्या बदलीचा? खटल्याच्या परवानगीचा? चौकशी अधिकारी नेमण्याचा? ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

हा प्रश्न घेऊन महाराष्ट्राचे नवे लोकायुक्त विधेयक वाचावे. १९७१ च्या जुन्या कायद्याने मुख्यमंत्र्यांना वगळले होते. ते आता लोकायुक्तांच्या कक्षेत आले, असे मथळे डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि वर्षभराने विधान परिषदेने विधेयक मंजूर केले तेव्हा झळकले. विधेयकातली अट अशी की मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्यापूर्वी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची मान्यता हवी. सभागृह २८८ जणांचे, म्हणजे १९२ मते. बहुमत असलेल्या मुख्यमंत्र्याविरुद्ध विरोधक फार तर १४३ असू शकतात. उरलेली ४९ मते त्याच्या स्वतःच्या बाकांवरून यायला हवीत.